तालमीतला दगड

छप्पन सालच्या जून महिन्यात हेडमास्तरांनी जगदेवरावांच्या हातात एक टाइप केलेला कागद ठेवला आणि जगदेवरावांनी तो वाचायच्या आधीच नाक मुरडलं. वाचायचा त्यांना तसाही कंटाळा. बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचायचं म्हणजे सकाळ जायची. "तुम्हीच सांगा काय म्हणतोय तो," म्हणाले.

हेडमास्तरांनी सांगितलं. मध्य भारत हे राज्य पहिल्या नोव्हेंबरला संपणार. सगळं नव्या मध्यप्रदेशात जाणार, राजधानी भोपाळला. नव्या राज्याच्या यादीत ज्याला व्यायामशिक्षक म्हणून नाव हवं असेल, त्याच्याजवळ प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र पाहिजे. चार महिन्यांचा वर्ग आहे, ऑक्टोबरात परीक्षा. प्रमाणपत्र नसेल त्यानं घरी बसावं.

"मतलब आता मला कवायत शिकवणार?" जगदेवराव म्हणाले. "कोण? तो भोपाळचा कारकून?"

आता हे जगदेवराव भोइटे म्हणजे कोण, तर ग्वाल्हेरच्या पलटणीत वीस वर्षं कवायतीचे हवालदार. त्यांच्या एका आरोळीवर दोनशे टाचा एकदम जुळायच्या. संस्थान विलीन झालं, पाठोपाठ पलटण विलीन झाली, आणि नव्या फौजेच्या डॉक्टरनं कागदावर वय बघून यांना बाजूला काढलं. त्या डॉक्टरला दहा बैठका आल्या नसत्या, हे ते आजही ज्याला त्याला सांगत. पलटण गेली तशी शाळेतली ड्रिलमास्तरची नोकरी मिळाली. शिवाय दौलतगंजात त्यांची स्वतःची तालीम होती, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले निम्मे पैलवान तिथल्या मातीतून निघालेले. सेहेचाळीसाव्या वर्षीही पोट पाठीला लागलेलं आणि मान ताठ. ती मान जरा जास्तच ताठ होती, एवढीच काय ती तक्रार.

"आणखी एक," हेडमास्तर म्हणाले. "पांडुरंगरावही वर्गाला येतायत."

पांडुरंगराव हे शाळेचे संस्कृतचे मास्तर. नव्या वेळापत्रकात संस्कृतचे तास निम्म्यावर आले होते, त्यामुळे मास्तर उरले होते आणि काम उरलं नव्हतं. वय बावन्न, अंगानं भरलेले, जिना चढून आले की दोन मिनिटं बोलता यायचं नाही. जगदेवराव मोठ्यानं हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"हसू नका," हेडमास्तर म्हणाले. "जागा एकच आहे. दोघं पास झालात तर जुने म्हणून तुम्हीच. पण पास व्हा म्हणजे झालं."

वर्ग भरायचा रिसाल्याच्या जुन्या तबेल्यात. घोडे गेले, भिंतीतल्या कड्या राहिल्या होत्या, आणि त्या कड्यांना माणसाच्या हाडांचे आणि स्नायूंचे तक्ते टांगले होते. समोर चौदा उमेदवार सतरंजीवर. शिकवायला आले गोपाळकृष्ण. वय सव्वीस, चष्मा, खांदे हँगरसारखे, पांढरी पँट आणि पायात कॅनव्हासचे बूट. दाना ओली या गल्लीतल्या भिक्षुकाचा मुलगा, बाहेरगावी राहून शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन आलेला.

त्यांनी हजेरी घेतली. जगदेवरावांच्या नावाशी जरा थांबले, चष्म्यातून बघितलं आणि विचारलं, "दौलतगंजातल्या तालमीचे ना तुम्ही?"

"तेच," जगदेवराव म्हणाले आणि शेजारच्याकडे बघून मिशीवर हात फिरवला. लष्करात त्यांना कोण ओळखत नाही!

मग त्या पोरसवदा मास्तरानं छडीनं तक्ता दाखवत सांगायला सुरुवात केली. माणसाच्या शरीरात हाडं किती, सांधे किती प्रकारचे, धावताना फुप्फुसांचं काय होतं. जगदेवराव ऐकत होते आणि मनात चरफडत होते. हाडं मोजून कुणी पैलवान झालाय का? याची मनगटं बघा, पळी-पंचपात्र उचलण्यापुरती! हा आम्हाला सांगणार दंड कसे काढायचे? तास संपल्यावर बाहेर नळावर त्यांनी चार जणांदेखत गोपाळकृष्णांच्या चालीची नक्कल केली. सगळे हसले. पांडुरंगराव तेवढे हसले नाहीत. ते भिंतीला टेकून दम घेत होते.

रोज घरी येऊन जगदेवराव दिवसभराची थट्टा बायकोला ऐकवत. आज काय, तर श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. "सेहेचाळीस वर्षं मी काय बिनश्वासाचा फिरत होतो?" आज काय, तर 'पाठाची तयारी' म्हणून वहीत लिहून आणायचं, मुलं रांगेत उभी कशी करणार! मंदाताई भाकरी थापत ऐकून घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "अहो, तुम्हाला पास व्हायचंय की त्या मुलाला नापास करायचंय?" जगदेवरावांना हा प्रश्न आवडला नाही. ते ताट सरकवून उठले.

पण खरी अडचण थट्टेनं जाणारी नव्हती. हाडांची तोंडी परीक्षा होती आणि जगदेवरावांच्या डोक्यात एकही नाव टिकत नव्हतं. पुस्तक हिंदीत, अक्षर बारीक. पंधरा दिवसांत त्यांना कवटी आणि पायाचं बोट एवढंच येत होतं, आणि ते तर सगळ्यांनाच येतं. वरून कितीही गमजा मारल्या तरी आतून माणूस घाबरला होता. नोकरी गेली तर काय करायचं? तालमीवर चूल पेटत नाही. वस्ताद कुणाकडून दिडकी घेत नसतो.

हे ओळखलं पांडुरंगरावांनी. एके दिवशी मधल्या सुट्टीत ते जवळ आले, दम खात म्हणाले, "जगदेवराव, तुम्ही बसून पाठ करता ना, तिथं चुकतंय. तुमचं डोकं बसल्यावर चालत नाही. बैठका मारा बघू."

"काय?"

"मारा तर. एका बैठकीला एक हाड. मी सांगतो, तुम्ही म्हणा."

आणि त्या जाड्या संस्कृत मास्तरानं सगळी हाडं श्लोकासारखी चालीत बसवून आणली होती. तबेल्यासमोरच्या कडुलिंबाखाली जगदेवराव बैठका मारायचे आणि पांडुरंगराव पारावर बसून मांडीवर ताल धरायचे. खाली जाताना नाव, वर येताना जागा. चुकलं की पांडुरंगराव चिडायचे नाहीत, "पुन्हा त्याच पायरीवरनं" म्हणायचे. कधी चाल बसत नसली तर दुसऱ्या दिवशी दुसरी बांधून आणायचे. महिन्याभरात जगदेवरावांना सगळा सांगाडा पाठ झाला, पायांपासून डोक्यापर्यंत आणि डोक्यापासून पायांपर्यंत.

याबद्दल ते पांडुरंगरावांचे उपकार मानत होते का? छे! ज्याच्याच्यानं दोन दंड निघत नाहीत त्यानं शिकवलं, याची लाज वाटत होती. म्हणून वर्गात त्यांची जास्तच फिरकी घ्यायचे. पांडुरंगराव धावायला निघाले की म्हणायचे, "बाजूला व्हा रे, हत्ती सुटला." पांडुरंगराव धापा टाकत हसायचे आणि धावायचे. सगळ्यांत शेवटी पोचायचे, पण पोचायचे.

दिवस गेले. कचेऱ्यांतली कपाटं दोरखंडांनी बांधून ट्रकांत चढू लागली. पाटणकर बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, कुणाचं नाव यादीत आलं नि कुणाचं गळालं. तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावच्या परीक्षकानं हाडं विचारली आणि जगदेवरावांनी उभ्या उभ्या गुडघे किंचित वाकवत धडाधड सांगितली. परीक्षक थक्क झाला. पांडुरंगराव दारातून बघत होते, त्यांना स्वतःच पास झाल्यासारखा आनंद झाला.

आता उरली प्रात्यक्षिकाची परीक्षा. तीत तीस मिनिटांचा पाठ घ्यायचा आणि परीक्षक गोपाळकृष्ण. जगदेवराव त्या सकाळी शीळ घालत घरून निघाले. "आज बघतो तो भटाचा पोरगा, शिकवणं कशाला म्हणतात," म्हणाले. मंदाताईंनी हातावर दही ठेवलं.

शाळांना दिवाळीची सुट्टी लागलेली, त्यामुळे पोरं नव्हती. उमेदवारांनीच एकमेकांचे विद्यार्थी व्हायचं ठरलं. चिठ्ठ्या टाकल्या. जगदेवरावांच्या चिठ्ठीत निघाली कोलांटउडी. त्यांना हसूच आलं. यापेक्षा सोपं काय असणार?

गादी अंथरली. जगदेवरावांनी आधी स्वतः करून दाखवलं, आणि काय दाखवलं! सेहेचाळीस वर्षांचं ते शरीर गादीवरून फिरलं आणि आवाजही न होता उभं राहिलं. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मग रांग लावली. रांगेत पांडुरंगराव होते, धोतराचा काचा घट्ट खोचून, चेहरा घाबरलेला. जगदेवरावांची नजर रांगेवरून फिरत त्यांच्यापर्यंत आली आणि हात आपोआप बाजूला गेला.

"पांडुरंगराव, तुम्ही राहू द्या. गादी फाटायची. तिकडे बसा."

घोड्यांना पाणी पाजायच्या हौदाचा दगडी कट्टा होता, तिकडे. पांडुरंगराव नेहमीसारखे हसून जाऊन बसले.

यात जगदेवरावांना काही वावगं वाटलंच नाही. तालमीत हेच चालत आलं होतं. दाराशी एक काळा दगड होता. ज्याला जमत नाही त्यानं त्यावर बसायचं आणि वस्ताद 'ऊठ' म्हणेपर्यंत हलायचं नाही. जगदेवराव स्वतः लहानपणी तीन दिवस बसले होते, चौथ्या दिवशी त्यांच्या वस्तादांनी उठवलं. पुढं जगदेवराव वस्ताद झाले आणि दगडाकडे बघायला त्यांना फुरसत राहिली नाही. बसलेली पोरं काही दिवस यायची, मग यायची बंद व्हायची. चांगलं झालं, माती मोकळी राहिली, असं ते म्हणायचे.

पुढची वीस मिनिटं बहारीची झाली. उरलेले सगळे जगदेवरावांच्या आरोळीवर एकामागून एक फिरले. पाठ गोल, हनुवटी आत, पाय जुळलेले. पलटणीत असते तर बक्षीस मिळालं असतं. जगदेवरावांनी विजयी मुद्रेनं गोपाळकृष्णांकडे बघितलं. गोपाळकृष्णांची पेन्सिल कागदावर टेकलेलीच नव्हती.

"पांडुरंगराव का बसलेत?" त्यांनी विचारलं.

"त्यांच्याच्यानं व्हायचं नाही, सर."

"करवून पाहिलंत?"

"पाहायचंय काय त्यात? दिसतंय की!"

"दहा मिनिटं आहेत अजून," गोपाळकृष्ण म्हणाले. "त्यांना शिकवा."

जगदेवरावांनी पांडुरंगरावांना गादीवर आणलं. "वाका," म्हणाले. पांडुरंगराव पोट वाकू देईल तेवढे वाकले. "डोकं आत." ते जाईना. "अहो आत म्हणजे आत!" पांडुरंगराव गादीवर हात टेकून धापा टाकू लागले. जगदेवरावांनी पुन्हा एकदा करून दाखवलं, तसंच सुंदर, तसंच बिनआवाज. मग पुन्हा ओरडले. आणखी एकदा दाखवलं, आणखी मोठ्यानं ओरडले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की यापुढं काय करायचं ते आपल्याला माहीत नाही. वीस वर्षं पलटण, त्याहून जास्त वर्षं तालीम, आणि येत नसलेल्याला काय सांगायचं असतं, हे त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. तोंड लाल झालं. चिडले की ते हिंदीत जायचे.

"नहीं होगा इनसे!" ते ओरडले. "बिलकुल नहीं होगा! बैठ जाइए!"

पांडुरंगराव पुन्हा कट्ट्यावर जाऊन बसले. या वेळी ते हसले नाहीत. वेळ संपल्याची घंटा झाली.

दुपारी सगळे पांगल्यावर गोपाळकृष्णांनी जगदेवरावांना थांबवलं. निकाल नंतर लागणार होता, पण त्यांनी लपवलं नाही. प्रात्यक्षिकात नापास. एप्रिलमध्ये पुन्हा बसता येईल.

"मी? मी नापास?" जगदेवरावांचा आवाज तबेल्यात घुमला. "अरे, तुझ्यासारखे छप्पन..."

"वस्ताद," गोपाळकृष्ण म्हणाले. चार महिन्यांत त्यांनी हा शब्द पहिल्यांदाच वापरला. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "चाळीस साली मी तुमच्या तालमीत येत होतो. दहा वर्षांचा होतो. दोन वर्षं आलो."

जगदेवरावांनी त्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. काही आठवेना. "नाव काय सांगायचास तेव्हा?"

"तुम्ही विचारलं नव्हतं. दगडावर बसायचो मी. पहिल्या दिवशी बसवलंत, ते दोन वर्षं. पहाटे अंघोळ करून यायचो. रोज वाटायचं, आज ऊठ म्हणतील."

 जगदेवरावांना हवा होता तो धागा सापडला आणि ते उसळले. "असं आहे होय! म्हणजे सूड उगवतोस!"

"सूड घ्यायचा असता तर ती दहा मिनिटं दिलीच नसती," गोपाळकृष्ण शांतपणे म्हणाले. "पहिल्या वीस मिनिटांतच नापास झाला होतात तुम्ही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तक्ते कड्यांवरून उतरवायला लागले. जगदेवराव उभे आहेत की गेले, हे त्यांनी वळून बघितलं नाही.

घरी जगदेवरावांनी सगळं सांगितलं, अर्थात आपल्या बाजूनं. तो कसा खुनशी, कसा आतल्या गाठीचा, सोळा वर्षं डूख धरून बसला. मंदाताई दिवाळीच्या करंज्या करत होत्या. त्यांचा हात थांबला.

"दोन वर्षं?" त्या म्हणाल्या. "एवढंसं पोर दोन वर्षं रोज येऊन बसायचं आणि तुम्हाला त्याचं नाव माहीत नाही?"

"शंभर पोरं यायची! कुणाकुणाची नावं..."

"मग एकदा ऊठ म्हणायला काय झालं होतं हो? जीभ झिजली असती?"

जगदेवराव अंगणात निघून गेले. त्या दिवाळीत ते कुणाकडे फराळाला गेले नाहीत.

पांडुरंगराव पास झाले होते. त्यांना चिठ्ठीत लेझीम निघाली होती, आणि जगदेवरावांनी ते बघितलंच नव्हतं, रागानं बाहेर नळापाशी जाऊन बसले होते. नवं राज्य आलं, यादी आली. शाळेचे व्यायामशिक्षक म्हणून तीत पांडुरंगरावांचं नाव होतं. जगदेवरावांसाठी हेडमास्तरांनी शब्द टाकला होता, की एप्रिलला पास झाले तर बघू.

शाळा उघडली त्या दिवशी जगदेवराव सामानाच्या खोलीची किल्ली आणि शिट्टी द्यायला गेले. किल्ली शिपायाजवळ देऊन येता आलं असतं. पण त्यांना मजा बघायची होती. तो हत्ती मैदानात काय दिवे लावतो ते डोळे भरून बघायचं, पोरं कशी हुर्यो करतात ते ऐकायचं आणि मग घरी जायचं, असा बेत. किल्ली दिली, शिट्टी दिली, आणि मैदानाच्या कडेला लिंबाखाली दगडी बाक होता त्यावर ऐटीत मांडी ठोकून बसले.

पांडुरंगरावांनी गादी अंथरली होती. कोलांटउडीच! जगदेवरावांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. पांडुरंगराव गादीवर वाकले, डोकं खुपसलं, ढकललं, आणि कलंडून आडवे पडले. पोरं खदाखदा हसली. पांडुरंगरावही पडल्या पडल्या हसले.

"आता सांगा," ते दम घेत म्हणाले, "माझं काय चुकलं?"

दहा हात वर झाले. कुणी म्हणालं, सर, मान सरळ राहिली. कुणी म्हणालं, सर, एकाच हातावर भार आला. पांडुरंगरावांनी एकेकाला जवळ बोलावलं, म्हणाले, दाखव बरं कसं. मग एकेकाला एकेक तुकडाच करायला लावला. कुणी नुसतं वाकायचं, कुणी नुसती हनुवटी छातीला लावायची, कुणी पाठीवर पडून नुसतं डुलायचं. वर मांडीवर ताल चालूच. चुकलं की "पुन्हा त्याच पायरीवरनं."

जगदेवरावांनी तो ताल ओळखला. नकळत त्यांची बोटं मांडीवर तोच ताल धरू लागली आणि ओठांवर हाडांची नावं आली. कडुलिंबाखाली बैठका मारणारा एक मठ्ठ माणूस त्यांना आठवला, ज्याला पंधरा दिवसांत एक हाड पाठ होत नव्हतं. त्या माणसाला कुणी कट्ट्यावर बसवलं नव्हतं. ते अवघडून बसले. हसायचं राहूनच गेलं होतं.

मैदानावरून त्यांनी नजर फिरवली. रांगा वाकड्या होत्या, पाय जुळत नव्हते, पलटणीत असले प्रकार खपले नसते. बारीक होती, जाड होती, लंगडणारं एक होतं, पण सगळी काही ना काही करत होती. पन्नास पोरांत एक बसलेलं नव्हतं. बसलेले होते ते एकटे जगदेवराव.

इथून उठून सरळ घरी जावं असं त्यांच्या मनात आलं. पण पाय हलेनात.  ऊन सरकत बाकावर आलं, तरी ते तसेच. आपण इथं कशासाठी थांबलोय, हे त्यांना कळेना.

मधेच पांडुरंगरावांचं लक्ष गेलं. घाम पुसत ते अर्धं मैदान चालत आले.

"अहो जगदेवराव, असे उन्हात काय बसलात? उठा की. तुमच्याशिवाय ती शेवटची रांग मला आवरत नाही."

अर्धा तास झाला असेल नसेल. तेवढ्यात जगदेवरावांना कळलं होतं, की हा शब्द ऐकायला माणूस कसा जीव धरून बसतो. दोन वर्षं म्हणजे किती, हे त्यांनी मनात मोजून बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर दौलतगंजातला तो काळा दगड आला, त्यावर चष्मा नसलेलं एक काटकुळं पोर, अंघोळीनं ओले केस. चेहरा काही केल्या दिसेना.

"उठताय ना?" पांडुरंगराव म्हणाले.

जगदेवराव उठले आणि शेवटच्या रांगेपाशी जाऊन उभे राहिले. तिथल्या सगळ्यांत ढिल्या पोराच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"नाव काय रे तुझं?" त्यांनी विचारलं.